४१६००१ : कोल्हापूरच्या पिनकोडात गणित किती?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्या कोल्हापूर शहरात राहतात, मुलगी नववीत आहे. शाळेने प्रकल्प दिलाय : एक मोठी संख्या निवडा आणि तिचे गुणधर्म लिहा. पोरीने घरच्या पत्त्यातला पिनकोडच उचलला, ४१६००१. तीनने भाग गेला, १३८६६७ आले आणि तिथं गाडी अडकली. मग मोबाईलने ३ × २३ × ६०२९ असं सांगून टाकलं. आता ताई विचारतात, "झालं एवढंच? या संख्येत लिहिण्यासारखं काही आहे, का दुसरी घ्यायला सांगू? तिच्या सांगलीच्या मावसबहिणीने ४१६४१६ घेतलीय, तिची तर चार पानं भरली म्हणे."

ताई, संख्या बदलू नका. तीसेक वर्षं मी कोल्हापुरात पोरांना अंकगणित शिकवतोय आणि माझा अनुभव असा, की सांगलीच्या पिनकोडासारखी संख्या स्वतःहून बोलते, दाराशी उभं राहिलं तरी सगळं घर दिसतं. आपली ४१६००१ तशी नाही. हिला विचारावं लागतं, पण विचारलं की बरंच सांगते.

आधी एक गोष्ट पोरीच्या वहीत पहिल्या पानावर यायला हवी. पिनकोड ही मुळात संख्या नाहीच, ती पत्त्याची खूण आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या पुढाकाराने ही पद्धत सुरू झाली, तेव्हा पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीच्या जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन त्या त्या पोस्टाचे, असं ठरलं. म्हणून ४१६ आपल्यालाही आहे, सांगलीलाही आहे आणि खाली सावंतवाडीलाही. पोस्टमनला ही मूळ संख्या आहे का, याच्याशी काही देणंघेणं नाही. पण तुम्ही ते सहा अंक "चार लाख सोळा हजार एक" असे वाचलेत, की ते अंकगणिताच्या कायद्याखाली आले. मग त्यात ना कोल्हापूरचं कौतुक चालतं, ना सांगलीचं.

आता पोर जिथं अडकली तिथं जाऊ. मोबाईलचं उत्तर बरोबर आहे, पण ते वहीत नुसतं उतरवलं तर तिला काहीच मिळणार नाही. हाताने करू दे. अंकांची बेरीज ४+१+६+०+०+१ म्हणजे १२, म्हणून तीनने भाग जातो; बारा नवाने भागले जात नाहीत, म्हणून नवाने जात नाही. इथपर्यंत तिला येतंच. पुढं ७, ११ आणि १३ या तिघांची परीक्षा एकाच दमात घेता येते, आणि ही युक्ती पाठ्यपुस्तकात असायला हवी असं माझं जुनं म्हणणं आहे. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून कुठल्याही सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट पाडायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. आलेल्या वजाबाकीला ७, ११ किंवा १३ पैकी ज्याने भाग जाईल, त्याने त्या सहा अंकी संख्येलाही जाणार. आपल्याकडे ४१६ वजा १, म्हणजे ४१५. सातने भागलं तर बाकी २, अकराने ८, तेराने १२. तिघांपैकी एकाचाही भाग जात नाही.

सांगलीकडं बघा. ४१६ वजा ४१६, शून्य. शून्याला सगळ्यांनीच भाग जातो. म्हणजे ४१६४१६ = ४१६ × १००१, आणि ४१६ म्हणजे २ चा पाचवा घात गुणिले १३. झालं, सगळे अवयव चिमटीत आले : २⁵ × ७ × ११ × १३². मावसबहिणीची चार पानं कशी भरली ते आता कळलं असेल. तिने फार कष्ट घेतले असं नाही, संख्याच तशी मिळाली.

आपल्याला मात्र १७ आणि १९ ची पायरी चढावी लागते. १३८६६७ ला सतराने भागलं तर बाकी १५, एकोणिसाने ५. तेविसाला मात्र कुलूप उघडतं : २३ × ६००० = १,३८,००० आणि २३ × २९ = ६६७. म्हणजे बरोबर २३ × ६०२९. पोरीला हे तोंडी करायला सांगा. भागाकार मांडायची गरजच नाही, १३८ आणि ६६७ हे दोन्ही तेविसाच्या पाढ्यातच बसलेत.

राहिली ६०२९. ही मूळ आहे हे ठरवायला किती भागाकार लागतील? पोरं इथं भीतीने शंभर म्हणतात. खरं तर तेराच लागतात. ७७ चा वर्ग ५९२९ आणि ७८ चा ६०८४, म्हणून ७७ च्या पुढं जायचं कारण नाही. आणि १९ पर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने १३८६६७ ला भाग गेला नव्हता, मग तिच्या पोटातल्या ६०२९ ला कसा जाईल? तेव्हा २३ पासून ७३ पर्यंत, तेरा मूळ संख्या. (२३ पुन्हा एकदा तपासायचीच, ती दोनदाही असू शकते, हे पोरं हमखास विसरतात.) यात ६७ सगळ्यात चकवते. ६७ × ९० = ६०३०, एकाने हुकतं. परीक्षेच्या घाईत इथं ६७ ने भाग गेला असं लिहिणारे मी पाहिलेत.

तर ४१६००१ = ३ × २३ × ६०२९. तीन वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. म्हणून विभाजक बरोबर आठ : १, ३, २३, ६९, ६०२९, १८०८७, १३८६६७ आणि ती स्वतः. त्यांची बेरीज ४ × २४ × ६०३० = ५,७८,८८०. स्वतःला वगळून राहिले १,६२,८७९, जे ४१६००१ च्या निम्म्यालाही पोचत नाहीत. ही बेरीज स्वतःपेक्षा कमी भरली, की त्या संख्येला न्यून म्हणतात. आता फक्त एक पाऊल मागं या, ४१६००० वर. तिचे अवयव २⁸ × ५³ × १३, विभाजक ७२. आणि गंमत म्हणजे सांगलीच्या ४१६४१६ चेही विभाजक ७२ च. दोघीही विपुल, म्हणजे स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःपेक्षा जास्त. एक मिळवलं आणि बहात्तराचे आठ झाले! शेजारच्या दोन संख्यांचा एकही मूळ अवयव समान असू शकत नाही, त्यामुळे ४१६००० ने २, ५, १३ घेतल्यावर ४१६००१ ला त्या कायमच्या बंद. तिच्या वाट्याला काय उरलं ते आपण पाहिलंच.

"म्हणजे आमचा पिनकोड दरिद्री?" नाही हो. उलट सर्वसामान्य. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ साली दाखवून दिलं, की मोठ्या संख्यांना साधारणपणे फार थोडे वेगवेगळे मूळ अवयव असतात. चार लाखांच्या घरात ही सरासरी अडीच-तीनच्या आसपास येते. आपल्याला बरोबर तीन. तशीच मूळ संख्यांचीही गोष्ट. या वस्तीत साधारण तेरा संख्यांमागे एक मूळ असते. तेव्हा पोरीने "ही मूळ दिसते" म्हणून सुरुवात केली असेल तर ती आशा जरा जास्तच होती, पण चूक म्हणता येणार नाही. शेवटी १ असलेल्या संख्या तशा दिसतातच.

"दिसतात" या शब्दाशी मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या मते या प्रकल्पातली खरी शिकवण तिथं आहे. पोरीला वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगा. डावीकडं लिहायचं ते संख्येचं स्वतःचं, उजवीकडं लिहायचं ते तिच्या कपड्यांचं, म्हणजे आपण ती दहाच्या पटीत लिहितो म्हणून दिसणारं. ३ ने भाग जातो हे डावीकडं. अंकांची बेरीज करून ते ओळखता येतं हे उजवीकडं. ४१६४१६ ही जोडीजोडीने आलेली दिसते हे उजवीकडं, पण तिला १००१ ने भाग जातो हे डावीकडं. आपली संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत लिहिली तर ११००१०११००१०००००००१ अशी होते. शेवटचे "००१" आता सात शून्यं आणि एक असे लांबले, कारण ४१६००० मध्ये दोनाचा आठवा घात आहे. संख्या तीच, कपडे बदलले.

आपल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना मात्र या कपड्यांचंच वेड होतं. १९०५ साली डहाणूत जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे हे मास्तर. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटलं. सांगलीच्या ४१६४१६ ची बेरीज २२, आणि २२ × १८९२८ = ४१६४१६. हर्षद! आपली बेरीज १२ आणि आपण विषम, त्यामुळे प्रश्नच नाही. सांगलीने इथंही बाजी मारली. पण १९४९ सालची त्यांची ६१७४ ची करामत आपल्या संख्येवर चालवून बघा. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच. चार अंकांत सगळे अंक सारखेच नसतील तर ६१७४ वर येऊन थांबतं. सहा अंकांत तसं नेमानं होत नाही. ६४११०० वजा ००११४६ म्हणजे ६३९९५४. मग ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि आठव्या खेपेला ४२०८७६. इथून पुढं ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि परत ४२०८७६. सात संख्यांचा फेरा, रंकाळ्याला प्रदक्षिणा घातल्यासारखा, थांबा कुठंच नाही. हे सगळं पानाच्या उजव्या बाजूचं, पण नववीच्या पोरीला एका दुपारी करायला याहून चांगलं काही मला माहीत नाही. प्रत्येक उत्तराला नवाने भाग जातोच, त्यामुळे चूक झाली की तिची तिलाच सापडेल.

आता डावी बाजू, आणि माझ्या आवडीची. वर्ग. ४१६००१ ही ६४५ च्या वर्गाला अगदी खेटून आहे : ६४५² = ४,१६,०२५, फक्त २४ चा फरक. मग ती दोन वर्गांची बेरीज असेल का? नाही, आणि हे एकही वर्ग न काढता सांगता येतं. चाराने भागल्यावर बाकी ३ उरते अशी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली, तर दोन वर्गांची बेरीज होत नाही. आपल्याकडं ३ आणि २३ दोन्ही तसल्याच, दोन्ही एकेकदा. मोठी ६०२९ मात्र बाकी १ वाली, आणि ती खरोखर ७७² + १०² आहे. ५९२९ अधिक १००. पोरीने ७७ चा वर्ग आधीच काढलाय, तिला हे स्वतःच दिसलं पाहिजे. तुम्ही सांगू नका.

तीन वर्गांची बेरीज मात्र होणार. आठाने भागून बाकी १ उरते आणि अशा संख्येला तीन वर्ग नेहमी पुरतात. शोधायचे कसे? ६४५ जास्त होतो, म्हणून ६४४ पासून खाली उतरा आणि उरलेली रक्कम दोन वर्गांत बसते का बघा. ६४४ घेतला तर १२६५ उरतात, त्यात ११ आणि २३ एकेकदा, बाद. ६४३ ला २५५२, पुन्हा ११ नडला. ६४२ ला ३८३७, तिथं ३. आणि ६४१ ला उरतात ५१२०, म्हणजे ४०९६ अधिक १०२४. तर :

४१६००१ = ६४१² + ६४² + ३२²

हे उत्तर आलं तेव्हा मी पेन खाली ठेवला. ६४ आणि ३२ दोनाचे घात, आणि वर ६४१! अंकगणितात ६४१ चं नाव मोठं आहे. २ च्या बत्तिसाव्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. फर्मा या गणितज्ञाला वाटलं होतं ती मूळ आहे. ऑयलरने १७३२ साली दाखवलं, तिला ६४१ ने भाग जातो. आपल्या पिनकोडाशी त्याचा काही संबंध आहे का? काडीचाही नाही. योगायोग आहे, आणि योगायोग म्हणूनच वहीत लिहायचा. पण लिहायचा.

दशांश अपूर्णांकाचं एक सांगतो, कारण इथं ६०२९ ने मला चकित केलं. एक भागिले २३ केलं तर दशांशात २२ अंकांचा आवर्त येतो : ०४३४७८२६०८६९५६५२१७३९१३, मग तेच पुन्हा. याचे अकरा-अकराचे दोन तुकडे करून एकाखाली एक मांडून बेरीज केली तर सगळे नऊ येतात. बावीस याहून जास्त अंक येऊच शकत नाहीत, कारण तेविसाने भागताना शून्य सोडून बाक्याच बावीस. आता ६०२९ ला कमाल ६०२८ अंक शक्य. बहुतेक मूळ संख्या अर्ध्यावर किंवा त्याआधीच दमतात. ही दमत नाही. तपासायला ६०२८ अंक काढावे लागत नाहीत. आवर्ताची लांबी ६०२८ चा विभाजकच असते आणि ६०२८ = ४ × ११ × १३७, त्यामुळे दहाचा ३०१४ वा, ५४८ वा आणि ४४ वा घात ६०२९ ने भागून बाकी १ उरत नाही, एवढं पाहिलं की पुरे. पहिला नियमानेच निकालात निघतो, बाकीच्या दोघांना वर्गावर वर्ग करत गेलं की वीसेक गुणाकारांत भागतं. मी ते वहीच्या मागच्या पानावर केले, बाक्या १७५४ आणि १९५७ आल्या. म्हणजे आवर्त पुऱ्या ६०२८ अंकांचा. आणि ६०२८ ला २२ ने भाग जातो, म्हणून १ भागिले ४१६००१ चाही आवर्त ६०२८ च. हा गुणधर्म रेघेच्या कुठल्या बाजूला? मला विचाराल तर रेघेवरच. दहा हा आपला पाया म्हणून ६०२८; पाया बदलला तर आकडा बदलेल, पण तो ६०२८ चा विभाजकच राहील.

लहान गोष्टी पटकन. ४१६००० ला १३ ने भाग जातो, म्हणून ४१६ ने सुरू होणाऱ्या कुठल्याही पिनकोडाला १३ ने भाग जातो का हे शेवटच्या तीन अंकांवरूनच कळतं. इचलकरंजीचे ११५, गडहिंग्लजचे ५०२, कागलचे २१६, सगळे हुकले. सांगलीचे ४१६ तेवढे बसले. ४१६००१ हून लहान आणि तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून समान विभाजक नसलेल्या) संख्या २ × २२ × ६०२८, म्हणजे २,६५,२३२. आणि ती सलग संख्यांची बेरीज म्हणून सात तऱ्हांनी लिहिता येते. सगळ्यात सोपी २,०८,००० + २,०८,००१. बाकीच्या सहा पोरीने शोधाव्यात.

एक मुद्दा वर्गांच्या वजाबाकीचा राहिला. फर्माची पद्धत अशी : ६४५ पासून वर चढत जायचं, प्रत्येकाच्या वर्गातून संख्या वजा करायची, उरलेला पूर्ण वर्ग आला की अवयव हातात. ६४५ ला २४ उरले, इतके कमी की पोरांना वाटतं आता पुढच्या दोन पायऱ्यांत काम होणार. होत नाही. पहिलं यश ३०४९ ला येतं, ३०४९² − २९८०², म्हणजे ६९ × ६०२९. ६४५ पासून मोजले तर २४०५ प्रयत्न. तेच साध्या भागाकाराने तेविसापर्यंत गेलं की काम संपतं. म्हणून ही पद्धत निरुपयोगी असं मी बरीच वर्षं वर्गात सांगायचो.

मग एकदा राजारामपुरीचा ४१६००८ फळ्यावर घेतला. आठाने भागलं, ५२००१ उरले. ३, ७, ११, १३... चाळीसपर्यंत गेलो, काही लागेना. तास संपत आला होता. मी म्हणालो, "मूळ दिसतेय, घ्या लिहून." मागच्या बाकावरचा एक पोरगा मान खाली घालून काहीतरी करत होता, मला वाटलं चित्रं काढतोय. त्याने हात वर केला. "सर, २४९ चा वर्ग बासष्ट हजार एक येतोय." मी म्हटलं, बरं मग? "त्यातनं बावन्न हजार एक गेले की दहा हजार. शंभराचा वर्ग." म्हणजे १४९ गुणिले ३४९. तो २२९ पासून चालत एकविसाव्या पायरीवर पोचला होता. मला भागाकाराने १४९ पर्यंत जायला चौतीस लागले असते. मी फळ्यावरचं "मूळ" पुसलं आणि घंटा झाली.